अंडरओथचे दहा अल्बम, आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या अंडरओथ या मेटलकोर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणातून आलेले आक्रमक संगीत) बँडचे दहाही स्टुडिओ अल्बम मी गेले आठ महिने क्रमाने ऐकत आहे. एका अल्बमला साधारण तीन आठवडे द्यायचे आणि तेवढ्या काळात पुढच्या अल्बमला हात लावायचा नाही, असा नियम मी केला होता. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) रविवारच्या उपासनेत मी ड्रम वाजवतो. त्यामुळे नुसते ऐकण्यावर न थांबता रोज संध्याकाळी हेडफोन लावून सरावाच्या पॅडवर सोबत वाजवणेही चालू होते. ज्या बँडने ख्रिस्ती बँड म्हणून नाव मिळवले आणि २०१८ मध्ये ती ओळख उघडपणे बाजूला ठेवली, त्याचे आधीचे संगीत आज कानाला आणि मनाला कसे लागते, हे मला समजून घ्यायचे होते.

बँडची स्थापना १९९७ मध्ये ओकाला या गावी झाली. पहिल्या तीन अल्बमांत गायक डॅलस टेलर आहे. १९९९ चा पहिला अल्बम जड आणि गढूळ आवाजाचा आहे. २००० च्या दुसऱ्या अल्बमात पाचच पण लांबलचक गाणी आहेत. २००२ च्या तिसऱ्यात चाली मोकळ्या होऊ लागतात. इतिहास म्हणून हे तिन्ही अल्बम ऐकावेत, परंतु नवख्या श्रोत्याने सुरुवात येथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००३ मध्ये टेलर बाहेर पडला आणि स्पेन्सर चेंबरलेन आला. २००४ च्या ‘दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी’ या अल्बमात चेंबरलेनचे स्क्रीमिंग (किंचाळत गाणे) आणि ड्रमर ॲरन गिलेस्पीचे सुरेल गायन यांची जोडी जमली व बँड लाखो तरुणांपर्यंत पोहोचला. गिलेस्पी ड्रम वाजवता वाजवता गातो. हे किती अवघड आहे, ते मला ‘रीइन्व्हेंटिंग युअर एक्झिट’ या गाण्याचे धृपद पॅडवर वाजवत गाऊ लागल्यावर कळले. हाताचा जोर आणि श्वास एकाच जागी खर्च होतात. सूर धरला की ठोका सैल पडतो आणि ठोका सांभाळला की ओळीच्या शेवटी आवाजाला आधार राहत नाही. तीन आठवड्यांत मला ते एकदाही सलग जमले नाही. गिलेस्पीबद्दलचा माझा आदर मात्र रोज वाढत गेला.

माझा सर्वाधिक वेळ २००६ च्या ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ने घेतला आणि त्याचे मला समाधान आहे. गोड चालींनी मिळालेले यश हाताशी असताना बँडने मुद्दाम अधिक खडबडीत, अधिक कोंदट संगीत केले. तरीही हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या अल्बमांच्या लोकप्रियतेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच्या मध्यावर ‘साल्मारनिर’ नावाचा एक संथ तुकडा आहे. त्यात बायबलमधील ५० वे स्तोत्र रशियन भाषेत वाचले जाते. मला रशियन येत नाही. पहिल्या आठवड्यात मी हा तुकडा केवळ विश्रांतीची जागा समजून ऐकत होतो. नंतर एका रात्री मराठी बायबल उघडून ते स्तोत्र समोर ठेवले आणि वाचणाऱ्याच्या आवाजाबरोबर सावकाश ओळी वाचत गेलो. देव आपल्याच लोकांचा न्याय करण्यासाठी आकाशाला आणि पृथ्वीला हाक मारतो, असा तो भाग आहे. भोवतीची गाणी अपराधाच्या जाणिवेने भरलेली असताना हे वाचन तेथे का आले, ते मग उलगडले. श्रद्धा मिरवणारा हा अल्बम नाही. आपण त्या श्रद्धेला पुरे पडत नाही, ही टोचणी त्यात सतत आहे. त्याच वर्षी बँडने वॉर्प्ड टूर ही अनेक बँडांची फिरती संगीतयात्रा अर्ध्यावर सोडली, आणि त्या काळातील आपल्या व्यसनाबद्दल चेंबरलेन पुढे मुलाखतींतून मोकळेपणाने बोलला. हे ठाऊक झाल्यावर गाणी ऐकताना मन जड होते.

२००८ चा ‘लॉस्ट इन द साउंड ऑफ सेपरेशन’ त्याच वाटेने पुढे जातो आणि तोही उत्तम आहे. २०१० मध्ये गिलेस्पी बाहेर पडला. त्याच्याविना झालेला अल्बम गडद आणि सलग आहे, पण दोन आवाजांचा संवाद त्यात नाही आणि ती उणीव मला प्रत्येक वेळी जाणवली. २०१३ मध्ये बँड विसर्जित झाला. २०१६ मध्ये गिलेस्पीसह पुन्हा दौरा झाला, तेव्हा २००४ आणि २००६ चे अल्बम संपूर्ण वाजवले गेले.

२०१८ च्या ‘इरेज मी’बद्दल माझ्या मनात भीती होती. ‘ऑन माय टीथ’ या गाण्यात शिवी आहे, आणि त्याच गाण्याला ग्रॅमी नामांकन मिळाले. श्रद्धावान श्रोते त्या वेळी दुखावले गेले, हे मी समजू शकतो. पण आधीचे सात अल्बम क्रमाने ऐकून येथवर आल्यावर मला हे वळण अचानक वाटले नाही. २००६ मध्ये जो माणूस देवापुढे स्वतःवर चिडला होता, तोच येथे देवावर आणि मंडळीवर चिडला आहे. माझी तक्रार आशयाबद्दल नसून ध्वनीबद्दल आहे: इलेक्ट्रॉनिक थर इतके गुळगुळीत आहेत की ड्रमचा जिवंतपणा त्यांच्याखाली दबतो. बँडने स्वतःच निर्मिती केलेला २०२२ चा ‘व्हॉयरिस्ट’ ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. २०२५ चा ‘द प्लेस आफ्टर धिस वन’ अजून माझ्या पूर्ण अंगवळणी पडलेला नाही.

नव्या श्रोत्यांनी २००६ च्या अल्बमपासून सुरुवात करावी, मग २००४ चा घ्यावा, आणि फोनच्या स्पीकरवर हे संगीत मुळीच ऐकू नये. २००६ चा अल्बम मी अजूनही शनिवारी सरावाआधी लावतो. ‘साल्मारनिर’ संपेपर्यंत काठ्या खाली ठेवतो.