सहावी सीट काढली, कन्सोल बसवलं: सिल्व्हराडोतला वापरानंतरचा अनुभव

आधी गाडी सांगतो, कारण या कामाचं अर्धं उत्तर गाडीतच असतं. माझ्याकडे २०११ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पिकअप आहे. क्रू कॅब म्हणजे चार दारांची, एलटी म्हणजे मधलं व्हेरिएंट, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. पुढे ४०/२०/४० ची बेंच, म्हणजे दोन बाजूंना दोन सीट आणि मधे एक चिमुकली सीट, जिची पाठ खाली पाडली की हात टेकायला जागा होते. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेले असतात. त्यात 'एझेड३' दिसला तर तुमच्याकडेही हीच बेंच आहे. मी ती मधली सीट काढली आणि तिथे टाहोमधून (शेव्हरोलेचीच एसयूव्ही) निघालेलं पूर्ण लांबीचं कन्सोल, म्हणजे दोन सीटच्या मधे बसणारा कप्प्यांचा खोका, बसवलं. त्यावर ह्यूस्टनचा एक अख्खा उन्हाळा गेला, एक हिवाळा गेला. आता बोलायला हरकत नाही.

कन्सोल हवं कशाला, हे आधी. मी बांधकामाच्या साइट्स बघतो. आज केटी, उद्या बेटाऊन, मधे आय-१० महामार्गावरचा ट्रॅफिक. लॅपटॉप, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, डबा, चहाचा थर्मास, दोन फोन, टेप, हे सगळं शेजारच्या सीटवर पडलेलं असायचं आणि ब्रेक दाबला की पायाशी यायचं. बेंचच्या पाडलेल्या पाठीत एक कप्पा असतो, नाही असं नाही. पण तो उथळ आहे, झाकण डुगडुगतं, आणि कप ठेवायची खाच इतकी वरवरची की भरलेला मग वळणावर कलंडलाच म्हणून समजा. सीटच्या खालीही एक कुलपाचा कप्पा असतो. मात्र त्यात काही ठेवायचं तर आधी अख्खी सीट उचला. चालू दिवसात ते कोण करतो?

टाहोचंच कन्सोल का, तर २००७ च्या मॉडेलपासून जीएमने (शेव्हरोलेची मूळ कंपनी) या पिकअप आणि टाहो-सबर्बन एकाच सांगाड्यावर काढल्या. जीएमटी९०० असं त्या पिढीचं नाव. दोघींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे आणि पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आहे. त्यामुळे टाहोच्या कन्सोलमध्ये गिअरसाठी भोकच नसतं. केबल, लिंकेज, काही म्हणजे काही बदलावं लागत नाही. एवढ्या एका कारणाने हे काम घरच्या गॅरेजमध्ये जमतं. अपवाद एकच: काही साध्या फोर-बाय-फोर मॉडेलमध्ये ट्रान्सफर केसचा, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडणाऱ्या पेटीचा, लिव्हर थेट जमिनीतून वर येतो. तसा असेल तर हा नाद सोडा.

आता अडचण. या पिढीच्या पिकअपला डॅशबोर्ड दोन प्रकारचे होते. वरच्या एलटीझेड व्हेरिएंटला टाहोसारखा, खाली उतरत येणारा, कन्सोलला जाऊन भिडणारा. माझ्यासारख्या एलटीला आणि खालच्या डब्ल्यूटीला दुसरा: उभा, सपाट, दोन ग्लव्ह बॉक्सवाला, अस्सल ट्रकचा. टाहोचं कन्सोल या दुसऱ्या डॅशला नीट भिडत नाही. पुढच्या टोकाचा आकार वेगळा, उतार वेगळा. विकणारे 'एकदम फिट' म्हणून सांगतात. जमिनीवर फिट बसतं, डॅशला नाही. माझ्याकडे पुढे चांगली दोन बोटं फट राहिली, आणि ती सरळही नाही. डावीकडे अरुंद, उजवीकडे रुंद. त्यात पेन जातं, टोलची पावती जाते, शेव-चिवड्याचा चुरा तर हमखास.

त्या फटीवर उपाय म्हणून तीन-सोळांश इंची एबीएस प्लास्टिकचा तुकडा आणला. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो डॅशखाली दाबून बसवत कडा जुळवल्या, मग प्लास्टिक त्या मापाने कापून हीट गनने वाकवलं. कानस मारून कडा गोल केल्या आणि वर काळं व्हिनाइल चिकटवलं. लांबून कंपनीचं वाटतं. जवळून बघणाऱ्याला कळतं, आणि कळलं तर कळलं. ऑगस्टमध्ये गाडी उन्हात उभी राहून राहून व्हिनाइलची एक कड उचलली गेली. साधा गोंद या गरमीत टिकत नाही; उष्णता सहन करणारा स्प्रे गोंद घेऊन परत बसवलं, तेव्हापासून जागचं हललेलं नाही.

काढणं-बसवणं याबद्दल बोलताना लोक पान्ह्यांच्या मापावर घसरतात. मला त्याआधी एअरबॅगबद्दल सांगायचंय. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मगच त्यांना हात लावा. आणि ते सुटलेले असताना 'फक्त रेडिओ बघतो' म्हणून चावी फिरवू नका. डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कोड पुसायला स्कॅनर शोधत फिरावं लागतं. साधा शंभर रुपड्यांचा, आपलं, वीस डॉलरचा स्कॅनर बहुतेक वेळा तो कोड वाचतच नाही, इंजिनपुरताच असतो. मी दोन्ही बाजूच्या सीटही बाहेर काढल्या. नुसती मधली काढूनही काम होतं, पण मग कोपर वळवायलाही जागा राहत नाही, आणि इतक्या वर्षांचं कार्पेट धुवायची संधी परत कधी मिळणार?

जमिनीला बांधणं हा या सगळ्या कामाचा जीव आहे, आणि नेमकं तेच लोक उरकतात. कन्सोलखाली लोखंडी ब्रॅकेट असतात. काही भोकं मधल्या सीटच्या जुन्या जागांशी जुळली, बाकीच्यांसाठी नवी पाडावी लागली. भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवं व्हा आणि त्या जागेच्या बरोबर खाली काय आहे ते बघा. मधोमध गिअरबॉक्स आणि एक्झॉस्ट, शिवाय वायरिंगचे जुडगे. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खूण करा, म्हणजे पत्रा ओलांडला की कळतं. पाडलेल्या भोकात रिव्हनट (पत्र्यातच घट्ट बसणारे नट) बसवले, म्हणजे खालून नट धरायला दुसरा माणूस लागत नाही. उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि कडेने सीलंट. इथली हवा दमट आहे. आज सोडलेलं भोक दोन वर्षांनी गंजून रुपयाएवढं होतं.

एकाने मला सल्ला दिला होता की दोन बाजूंच्या सीटमध्ये कन्सोल घट्टच बसतं, बोल्ट कशाला. वीस-पंचवीस पौंडांचा डबा, त्यात लॅपटॉप आणि हातोडी, आणि साठ मैलांच्या वेगाला कुणीतरी पुढे ब्रेक मारला. पुढचं तुम्हीच बघा. टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झाली आहे. ह्यूस्टनच्या आसपास धुराची चाचणी राहिली, पण त्यात कुणी तुमचे बोल्ट हलवून बघत नाही. ते आपणच बघायचे. मी तेल बदलायच्या वेळी पान्हा लावून बघतो. आजवर एकच जरा सैल मिळाला, पुढचा उजवा.

वायरिंग सोपं आहे. दोन सॉकेट जिवंत केली: एक चावी फिरवली की चालू होणारं, दुसरं कायमचं. फ्यूजच्या पेटीतून टॅप घेतला, वीस अँपिअरचा फ्यूज आणि बारा गेजची वायर, फ्यूज पेटीजवळच. कायमच्या सॉकेटला छोटा फ्रिज लावून विसरलं तर सकाळी बॅटरी झोपलेली असते, म्हणून त्याच्या टोपणावर लाल टेप मारली आहे. कन्सोलच्या पाठीला मागच्यांसाठी ऑडिओची बटणं आहेत. ती माझ्या गाडीत शोभेची. मागे बसणारी मुलं अजूनही ती दाबून बघतात.

आता रोजच्या वापराचं. मधला मोठा डबा खरंच मोठा आहे. लॅपटॉप त्यात तिरका उभा राहतो, बाजूला डबा मावतो, वर हातमोजे आणि कागद. साइटवर गाडी उभी करून झाकणावर लॅपटॉप ठेवून काम करता येतं. उंची अशी की पाठ वाकवावी लागत नाही. उजव्या हाताला टेकू मिळाला, तो तर सगळ्यात मोठा फायदा. सॅन अँटोनिओच्या रस्त्यावर तीन तास हात लोंबकळत नाही. इथला मेकॅनिक कन्सोल बघून पहिला प्रश्न हाच विचारतो की आत पिस्तुलासाठी तिजोरी बसवलीस का. टेक्सस आहे. बसवली नाही, आत चकल्यांचा डबा आहे.

कप होल्डर बेंचपेक्षा खोल आहेत, तरी हँडलवाला तीस औंसांचा मग बसत नाही. २००७ सालच्या लोकांनी एवढं पाणी बरोबर न्यायचं ठरवलं नव्हतं बहुतेक. थर्मास मात्र छान बसतो.

आवाज. पहिल्या थंडीत कन्सोल कुरकुरायला लागलं. सकाळी गार गाडी, खडबडीत रस्ता, आणि बरोबर कोपराखाली करकर. प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे, म्हणजे झाकणाच्या बिजागरीजवळ आणि बाजूच्या दोन पॅनेलच्या सांध्यात, वायरिंगला वापरतात ती कापडी टेप लावली. ऐंशी टक्के गेला. उरलेला आवाज झाकणाच्या खटक्याचा होता. तो जुना, झिजलेला. दाबून लावलं तरी मोठ्या खड्ड्यात टक् करून उघडायचा. नवा मागवला तो रंगाने जुळला नाही. राखाडी आणि राखाडीत इतका फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं. सध्या खटका वेगळ्या राखाडीचा आहे.

कन्सोल आणि सीट यांच्या मधे दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा आहे. फोन त्यात पडला की सीट मागे सरकवल्याशिवाय निघत नाही. बाजारात त्यासाठी फोमच्या पट्ट्या मिळतात, पण पट्टा लावताना बकलला अडतात, म्हणून मी काढून टाकल्या. बकल मोकळंच हवं. उंच माणसाचा उजवा गुडघा कन्सोलच्या कडेला लागतो. मला नाही लागत, सहा फुटी मित्राला लागला आणि त्याने तो पूर्ण प्रवासभर सांगितला. मागे मधे बसणाऱ्याच्या पायाची जागाही कमी होते. आधी पाय पुढच्या दोन सीटच्या मधे पसरता यायचे, आता समोर भिंत.

आणि सहावी सीट गेली ती गेली. दाराच्या खांबावरचं स्टिकर अजून 'एकूण ६, पुढे ३' म्हणतं, बसतात पाचच. इतर दिवशी काही अडत नाही. मधल्या सीटला तसाही फक्त कमरेचा पट्टा होता आणि तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशला. पण गणपतीच्या दिवसांत मखर मागे, माणसं पुढे अशी वरात निघते, तेव्हा एकाला दुसऱ्या गाडीत जावं लागतं. भारतातून आई-बाबा आले की घरचे चार आणि ते दोघं, सहा जण. विमानतळावर दोन गाड्या नेल्या, तेव्हा बाबांनी शांतपणे विचारलं, "एवढी मोठी गाडी, आणि माणसं मावत नाहीत?" बायकोचं मत आधीपासूनच बाबांसारखं आहे. मधली सीट गॅरेजमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहे, बोल्टांसकट. एका दुपारात परत बसते. तरी ते राहतील तेवढे दिवस मिनीव्हॅन भाड्याने घेणं मला सोपं वाटतं.

दुसऱ्या ट्रकवाल्यांना: फोर्ड एफ-१५० आणि टोयोटा टुंड्राच्या २००७ नंतरच्या पिढीत बेंच असली की गिअर स्टिअरिंगला, बकेट सीट आणि कन्सोल असलं की गिअर त्या कन्सोलमध्ये. म्हणजे कारखान्याचं कन्सोल आणलं तर मधे गिअरचं भोक येणार. ते झाकायचं तरी किंवा गिअर खाली आणायचा तरी. दुसरं काम घरगुती नाही, हौशी माणसाने त्यात पडू नये. राम १५०० ला २०१३ पासून आठ गिअरच्या गाड्यांत डॅशवर गोल बटण आलं, तिथे पुन्हा सोपं. २०१४ ते २०१८ च्या पिढीतल्या सिल्व्हराडोत गिअर स्टिअरिंगलाच राहिला, पण डॅश बदलला. माझं जुनं कन्सोल त्यात घालायला जाऊ नका.

मला कन्सोल जंकयार्डमधून (भंगार गाड्यांच्या आवारातून) साडेतीनशे डॉलरला पडलं, बाकी किरकोळ सामान शंभराच्या आत. तिथे जाणार असाल तर एकच बघा: विकायला ठेवलेल्या कन्सोलचे ब्रॅकेट बऱ्याचदा गाडीच्या जमिनीवरच राहिलेले असतात आणि वायरचा गठ्ठा कापलेला असतो. ब्रॅकेट वेगळे शोधायला गेलं की कन्सोलपेक्षा जास्त डोकं खातात. त्यामुळे शक्य तर स्वतः पान्हा घेऊन जा, उभ्या असलेल्या टाहोतून ब्रॅकेटसकट उतरवा, आणि वायर कनेक्टरच्या पुढे हातभर ठेवून कापा.