‘टाइम आउट ऑफ माइंड’: छप्पन्नाव्या वर्षीचा बॉब डिलन

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘टाइम आउट ऑफ माइंड’ हा अल्बम ३० सप्टेंबर १९९७ रोजी प्रसिद्ध झाला तेव्हा डिलन छप्पन्न वर्षांचा होता, आणि स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांचा त्याचा आधीचा अल्बम येऊन सात वर्षे उलटली होती. १९९० च्या ‘अंडर द रेड स्काय’ने फारसे कोणाचे समाधान केले नव्हते. त्यानंतर १९९२ आणि १९९३ मध्ये त्याने एकट्याने गिटार घेऊन जुनी लोकगीते आणि ब्लूज गायलेले दोन अल्बम काढले, आणि त्याच्याकडे स्वतःचे लिहिण्याजोगे काही उरले नाही, असा समज पक्का होत गेला. प्रत्यक्षात त्या दोन अल्बमांतच या तिसऱ्याची तयारी चालली होती. ‘टाइम आउट ऑफ माइंड’मधली भाषा साठच्या दशकातल्या डिलनची प्रतिमांनी लगडलेली भाषा नाही, ती जुन्या ब्लूजची, कोणाच्याही मालकीची नसलेली, तोंडातोंडी फिरून गुळगुळीत झालेली भाषा आहे, आणि तिच्यात तो आपले स्वतःचे दुखणे इतक्या सहजपणे मिसळतो की उसने कोठे संपते आणि त्याचे कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही.

या अल्बमला एक कथा कायमची चिकटली आहे, ती आधी बाजूला सारलेली बरी. मे १९९७ च्या अखेरीस डिलनला रुग्णालयात दाखल करावे लागले; हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य संसर्गामुळे त्याच्या हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली होती. चार महिन्यांनी हा अल्बम आला आणि त्यात ढळणाऱ्या दिवसाचे, संपत आलेल्या वाटेचे इतके उल्लेख निघाले की मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाचे हे गाणे आहे, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. परंतु ही गाणी मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत जानेवारी १९९७ मध्येच ध्वनिमुद्रित झाली होती, आणि काहींचे पहिले प्रयत्न तर त्याच्याही आधी, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड येथे निर्माता डॅनिएल लान्वा याने एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या स्टुडिओत झाले होते. आजाराचा या लेखनाशी संबंध नाही. तारखा तपासायच्या त्या एवढ्यासाठीच, की मरणाचा अल्बम म्हणून ऐकायला बसले की यातला तिरकस विनोद, यातला हट्ट आणि सोडून गेलेल्या बाईवरचा न शमलेला राग कानांवरून निसटून जातो. अकरांपैकी बहुतेक गाण्यांचा नायक मरणाच्या नव्हे, तर कोणाच्या तरी परतण्याच्या प्रतीक्षेत आहे, आणि ती परतणार नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे.

लान्वाने याआधी १९८९ मध्ये डिलनचा ‘ओ मर्सी’ घडवला होता, आणि त्याचा ध्वनी ओळखू येण्याजोगा असतो: ओलसर, खोल, कडा पुसट झालेला. या वेळी डिलनच्या मनात चार्ली पॅटनसारख्या जुन्या ब्लूज गायकांच्या तबकड्या होत्या, ज्यांत सर्व वाद्ये एकाच खोलीत, एकाच वेळी वाजल्यासारखी ऐकू येतात. म्हणून क्रायटेरियात वादकांचा मोठा ताफा एकत्र बसवला गेला. ड्रमवर जिम केल्टनर आणि ब्रायन ब्लेड, बेसवर टोनी गार्नियर, ऑर्गनवर ऑगी मेयर्स, इतर कळफलकांवर जिम डिकिन्सन, शिवाय ड्यूक रोबिलार्ड, सिंडी कॅशडॉलर आणि आणखी गिटारवादक. एवढी माणसे एका खोलीत वाजवू लागली की गोंधळ व्हायचा, आणि तो काही ठिकाणी झालाही आहे. परंतु जिथे ही युक्ती साधली आहे तिथे वाद्ये एकमेकांच्या वाटेत न येता एकमेकांच्या मागे उभी राहतात. एखादी गिटार दोन सूर छेडून गप्प होते आणि पुन्हा कडवेभर तिचा पत्ता नसतो.

पहिलेच गाणे, ‘लव्ह सिक’, हे या पद्धतीचे सर्वोत्तम उदाहरण आहे. सुरुवातीला ऐकू येते ती केवळ खोली: वादक सावरून बसत असल्याची अस्पष्ट खुसफूस. मग ऑर्गनचे तुटक, कापलेले ठोके सुरू होतात, आणि त्यांवर डिलनचा आवाज येतो तो जुन्या, फाटक्या ॲम्प्लिफायरमधून आल्यासारखा, खरखरीत आणि जवळचा. ठेका इतका संथ आहे की प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा येईल की नाही, अशी शंका यावी. रात्रीच्या निर्जन रस्त्यांवरून पायी भटकणारा माणूस प्रेमाला वैतागल्याचे सांगतो, ध्रुवपदागणिक तक्रार वाढवतो, आणि शेवटच्या ओळीत सारे विसरून तिच्याजवळ असण्यासाठी वाटेल ते देण्याची भाषा करतो. ही कलाटणी कागदावर फार साधी दिसेल. ऐकताना ती बसते, कारण तोवर आवाजाने कोठेही विनवणी केलेली नसते.

आवाजाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण डिलनच्या आवाजाची थट्टा हा एक जुना उद्योग आहे. या अल्बमवर तो आवाज झिजलेला आहे, त्याची झेप आखूड झाली आहे, वरच्या पट्टीत तो जवळजवळ जातच नाही. पण छप्पन्नाव्या वर्षी या गायकाला आपल्याजवळ नेमके काय उरले आहे, याचा चोख हिशेब ठाऊक आहे. तो शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवतो, ओळीचे शेवटचे अक्षर खाली सोडून देतो, आणि जिथे दुसरा गायक सूर लांबवील तिथे तो नुसता थांबतो. ‘स्टँडिंग इन द डोअरवे’ या पावणेआठ मिनिटांच्या गाण्यात ही थांबण्याची कला पणाला लागली आहे. तू समोर आलीस तर तुला जवळ घेईन की तुझा जीव घेईन हे सांगता येत नाही, आणि तुला त्याचे सोयरसुतकही नसेल, अशा आशयाची ओळ तो इतक्या कोमलपणे म्हणतो की तिच्यातली हिंसा ऐकणाऱ्याच्या ध्यानात थोडी उशिराच येते. आक्रस्ताळेपणाचा लवलेशही नाही.

‘नॉट डार्क येट’ हे या अल्बमचे सर्वांत नावाजलेले गाणे, आणि ही कीर्ती योग्यच आहे. अजून अंधार पडलेला नाही, पण पडू लागला आहे, एवढाच त्याच्या ध्रुवपदाचा आशय. असे गाणे रडक्या चालीत बांधण्याचा मोह कोणालाही झाला असता. येथे चाल मेजरमधली, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या उजळ वाटणाऱ्या स्वरमालेतली आहे, गिटार मोकळ्या आणि उबदार आहेत, ड्रम दमलेल्या पण चालत राहिलेल्या पावलांसारखे वाजतात, आणि त्यामुळे शब्दांतला काळोख दुप्पट जाणवतो. लान्वाने सांगितले आहे की ऑक्सनार्डला केलेले याचे आधीचे रूप अधिक द्रुत आणि मोजक्या वाद्यांचे होते. मायामीत डिलनने ते एकदम संथ करून अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या एखाद्या कथागीतासारखे करून टाकले. लय बदलल्याने एवढे बदलू शकते, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढे प्रसिद्ध झालेले द्रुत रूप जरूर ऐकावे. शब्द बरेचसे तेच आहेत, परंतु त्यात तो माणूस अजून कोठेतरी निघालेला आहे. अंतिम रूपात तो बसून राहिला आहे. ‘ट्राइंग टू गेट टू हेवन’ त्याच्याच तोलाचे आहे आणि त्यातल्या हार्मोनिकामुळे ते थोडे हलकेही वाटते.

सर्वच गाणी या पातळीची नाहीत. ‘डर्ट रोड ब्लूज’ जुन्या नमुन्याची उजळणी करते आणि निघून जाते. ‘मिलियन माइल्स’ आणि ‘टिल आय फेल इन लव्ह विथ यू’ ही दोन्ही गाणी एकाच धाटणीची असल्याने एकमेकांना मारतात. ‘कोल्ड आयर्न्स बाउंड’ला रॉक गायनाचे ग्रॅमी मिळाले, त्याचा घोंगावणारा ठेका जबरदस्त आहे, मात्र आवाज वाद्यांच्या गदारोळात काही वेळा बुडतो, आणि येथे लान्वाच्या धुक्याने गाण्याचे नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मेक यू फील माय लव्ह’ हे पियानोवरचे छोटे प्रेमगीत पुढे बिली जोएल, गार्थ ब्रुक्स आणि ॲडेल यांच्यामुळे जगभर पोहोचले. ॲडेलचे २००८ मधले गायन तर अनेकांना मूळच वाटते. गाणे म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या अल्बममधला नायक प्रत्येक पायरीवर स्वतःच्या भावनेचीच उलटतपासणी घेतो, त्यात हे निःशंक आश्वासनाचे गाणे पाहुण्यासारखे अवघडून बसते.

ही जागा ‘मिसिसिपी’ला मिळायला हवी होती. हे गाणे याच सत्रांत ध्वनिमुद्रित झाले, पण ते कसे वाजवावे यावर डिलन आणि लान्वा यांचे एकमत झाले नाही: लान्वाला ठेक्यांचे गुंतागुंतीचे जाळे हवे होते, डिलनला शब्द सरळ पोहोचायला हवे होते. शेवटी ते बाजूला पडले आणि २००१ च्या ‘लव्ह अँड थेफ्ट’वर नव्याने गायले गेले. लान्वाबरोबर डिलनने पुन्हा अल्बम केला नाही. पुढचे कित्येक अल्बम त्याने ‘जॅक फ्रॉस्ट’ या टोपणनावाने स्वतःच निर्मिले. या भांडणाचा निकाल कोणाच्या बाजूने द्यावा, हे अल्बम ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही, कारण त्यातली उत्तम गाणीही त्याच ओढाताणीतून निघालेली आहेत.

शेवटचे ‘हायलंड्स’ साडेसोळा मिनिटांचे आहे, आणि पहिल्या ऐकण्यात ते कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे. एकच गिटारची छोटी आकृती अखेरपर्यंत फिरत राहते, वाद्ये चढत नाहीत, उतरत नाहीत. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जुन्या गीताची ओळ घेऊन डिलन एका डोंगराळ प्रदेशाची ओढ सांगतो आणि मध्येच बोस्टनमधल्या एका रिकाम्या उपाहारगृहात शिरतो. तेथली वाढणारी बाई त्याला आपले चित्र काढायला सांगते. वही नाही म्हटल्यावर ती रुमाल पुढे करते, पेन्सिल नाही म्हटल्यावर कानामागची पेन्सिल काढून देते. तो चार रेघा ओढतो आणि ती म्हणते, हे माझ्यासारखे मुळीच दिसत नाही. मग तू स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके वाचत नाहीस, असा आरोप होतो, तो लेखिका एरिका याँगचे नाव घेऊन सुटका करून घेतो आणि तिची पाठ वळताच बाहेर सटकतो. एवढे गंभीर म्हणून गाजलेल्या अल्बमच्या मधोमध नव्हे, तर अगदी टोकाला हा विनोदी प्रवेश ठेवण्याचा निर्णय मला फार आवडतो. डिकिन्सनने सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे: ध्वनिमुद्रणानंतर कोणीतरी याची छोटी आवृत्ती आहे का असे विचारले, तेव्हा हीच छोटी आवृत्ती आहे, असे उत्तर मिळाले.

१९९८ च्या ग्रॅमी समारंभात याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला. (त्याच समारंभात डिलन ‘लव्ह सिक’ गात असताना छातीवर ‘सॉय बॉम्ब’ असे रंगवलेला एक मनुष्य त्याच्या शेजारी येऊन नाचला आणि डिलन गातच राहिला, ते चित्रण अल्बमच्या कोणत्याही समीक्षेपेक्षा जास्त लोकांनी पाहिले असावे.)

आज हा अल्बम घेऊ इच्छिणाऱ्यासमोर दोन पर्याय आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ‘फ्रॅगमेंट्स’ हा पाच सीडींचा संच आला आणि त्याच्या पहिल्या सीडीवर मायकेल ब्राउअरने संपूर्ण अल्बम नव्याने मिक्स केला आहे. लान्वाने चढवलेले प्रतिध्वनी त्याने बरेच उतरवले आहेत. आवाज पुढे आला आहे, वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात, आणि ‘कोल्ड आयर्न्स बाउंड’, ‘मिलियन माइल्स’ यांसारख्या गाण्यांना त्याचा निश्चित लाभ झाला आहे. ‘लव्ह सिक’ मात्र या उजेडात निम्मेच उरते, कारण त्या गाण्याचा अर्धा जीव त्याच्या फाटक्या आवाजात होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवर सत्रांतली न वापरलेली रूपे आहेत, चौथीवर १९९८ ते २००१ मधील कार्यक्रमांतले गायन, आणि पाचवीवर आधीच ‘टेल टेल साइन्स’ या डिलनच्या जुन्या संचात २००८ साली येऊन गेलेले साहित्य; ज्यांच्याकडे तो संच आहे त्यांना येथे तेच पुन्हा विकत घ्यावे लागते, ही गोष्ट खटकते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९९७ ची मूळ आवृत्तीच घ्यावी, शक्यतो हेडफोन लावून ऐकावी, आणि ‘फ्रॅगमेंट्स’ची दोन सीडींची छोटी आवृत्ती नंतर घ्यावी. मोठा संच ज्यांना याच अल्बममधल्या ‘कान्ट वेट’ या गाण्याची एकाहून एक वेगळी रूपे शेजारी ठेवून ताडून पाहण्यात रस आहे, त्यांच्यासाठी आहे.