प्रार्थनेचं स्टूल: मौनात वीस मिनिटं बसायचं तर काय बघून घ्यावं

वीस मिनिटं मौनात बसायचं ठरवलं की मनाच्या आधी घोटे आणि कंबर तक्रार करू लागतात. ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची अडचण मनाची नसते, बैठक चुकलेली असते. म्हणून प्रार्थनेच्या बुटक्या स्टुलाची पारख इथे जरा तपशिलात केली आहे. वस्तू तशी साधी: एक उतरती फळी आणि तिला पाय. गुडघे टेकायचे, पोटऱ्यांच्या वरून स्टूल सरकवायचं आणि टाचांवर येणारा भार फळीवर सोपवायचा. बैठक वज्रासनाचीच, फक्त पावलांवर वजन नाही.

ख्रिस्ती परंपरेत बुटकं आसन जुनं आहे. ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरच्या मठांत राहिलेले साधू सिनायचे ग्रेगरी (मृत्यू १३४६) ‘येशूची प्रार्थना’, म्हणजे येशूकडे दया मागणारं एक छोटं वाक्य पुन्हापुन्हा म्हणणं, करणाऱ्यांना वीतभर उंचीच्या आसनावर बसायला सांगत. त्याच काळातला इंग्रज एकांतवासी रिचर्ड रोल (मृत्यू १३४९) यालाही चालणं, उभं राहणं, गुडघे टेकणं यांपेक्षा बसणंच मानवलं. फ्रान्समधल्या तेझे इथे, ब्रदर रॉजे यांनी १९४० साली सुरू केलेल्या समुदायात, रोजच्या प्रार्थनेत पाच-दहा मिनिटांचं मौन असतं आणि अशी बुटकी स्टुलं घेऊन जमिनीवर बसलेली माणसं दिसतात. ग्रेगरी मान-खांद्यांचं दुखणं सोसायलाही सांगतात, पण तो सल्ला मठात राहणाऱ्या साधकांसाठी होता. घरी एकट्याने बसणाऱ्याने तो जसाच्या तसा उचलू नये.

आता वस्तूकडे. सगळ्यात आधी उंची. बाकी सगळं जमलं आणि उंची चुकली तर स्टूल कोपऱ्यात पडून राहणार. तयार स्टुलं मागच्या कडेला साधारण १६ ते २२ सें.मी. उंच असतात आणि हा चार-सहा सेंटिमीटरचा फरक बसल्यावर फार मोठा वाटतो. माणसाच्या उंचीवरून अंदाज बांधू नका. मांडी किती जाड आणि घोटा किती लवतो यावर ते जास्त अवलंबून असतं. माप घरीच घ्या: जमिनीवर चादर पसरा, गुडघ्यांवर ताठ उभे राहा, दोन पावलांच्या मध्ये जाडजूड पुस्तकं रचा आणि त्यांवर बसा. एकेक पुस्तक कमी-जास्त करत पाच-पाच मिनिटं बसून बघा. पाठ कशालाही न टेकता सहज ताठ राहिली, मांड्या पुढे किंचित उतरत्या आल्या आणि श्वास पोटापर्यंत मोकळा गेला, की पट्टी लावून थप्पीची उंची मोजा. तीच तुमची मागची उंची.

उंची कमी पडली तर कटीचं हाड मागे कलंडतं, कंबर गोल होते, छाती दबते आणि दहा मिनिटांत पेंग येते. जास्त झाली तर माणूस पुढे घसरत राहतो, भार गुडघ्यांवर जातो आणि कंबरेला नको इतका बाक येतो. दोन्हीत शंका असेल तर जरा उंच घ्या. उंच स्टुलाचे पाय सुताराकडून कापून घेता येतात, बुटक्याला जोड देणं कटकटीचं.

गादीचा हिशेब मात्र हमखास चुकतो. गुडघ्यांखाली ३ सें.मी.ची गादी घातली आणि स्टुलाचे पाय उघड्या फरशीवरच राहिले, तर बैठक तुमच्यापुरती ३ सें.मी.ने बुटकी झाली. गादी गुडघे, पावलं आणि स्टूल या सगळ्यांखाली जाईल एवढी मोठी हवी. शिवाय टणक हवी, नाहीतर स्टुलाचे पाय रुततात आणि फळी एका बाजूला झुकते. घोंगडीची चौपदरी घडी बहुतेक विकतच्या गाद्यांपेक्षा बरी पडते.

फळी लांबीला ४५ सें.मी.च्या आसपास, रुंदीला १८ सें.मी. असली की पुरे. उतार हवाच: एवढ्या रुंदीला पुढची कड मागच्यापेक्षा साधारण ३ सें.मी. खाली, म्हणजे १० अंश. सपाट फळीवर पाठ ताठ ठेवायला सतत जोर लावावा लागतो, आणि जोर लावून धरलेली स्थिरता टिकत नाही. पुढची कड चांगली गोल घासलेली हवी. धारदार कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. वरचा फोम असलाच तर टणक, दोन बोटं जाड. मऊ फोम छान वाटतो, पण महिन्याभरात चेपून फळी लागायला लागते. रेक्झिनचं आवरण उतारावर घसरतं. जाडं सुती कापड घ्या.

पायांचे तीन प्रकार मिळतात. पक्क्या जोडाचं स्टूल नेण्या-आणण्याला गैरसोयीचं, पण घरच्यासाठी आम्ही तेच सुचवू, कारण ते आवाज करत नाही. बिजागरीच्या घडीच्या स्टुलात श्वासागणिक बारीक कुरकुर येऊ शकते आणि शांत खोलीत ती असह्य होते. घेताना प्रत्येक पायाला दोन बिजागऱ्या आहेत का, आणि उघडल्यावर पाय खाली किंचित बाहेर फाकतात का, ते बघा. तसे फाकले तर वजनाने पाय उघडेच दाबले जातात. सरळ उभे राहणारे किंवा आत झुकणारे पाय जरा कुशीला कललं की मिटतात आणि माणूस धाडकन खाली येतो. मधोमध एकच पाय असलेल्या स्टुलात पावलांना भरपूर जागा मिळते, पण तोल सतत सांभाळावा लागतो. ज्यांना कंबरेची हालचाल चालू ठेवायची आहे त्यांना ते आवडतं. स्थिर बसण्यासाठी मात्र आम्ही त्याची शिफारस करणार नाही. चर्चमधलं गुडघे टेकायचं बाक ही वेगळीच चीज. तिथे सगळा भार गुडघ्यांवर येतो, म्हणून छोट्या शब्दप्रार्थनेला ते ठीक, लांब मौनाला नाही.

बसण्याची पद्धत अशी. आधी गुडघ्यांवर ताठ उभे राहा, गुडघ्यांत एका मुठीचं अंतर ठेवा, मागून स्टूल पोटऱ्यांवरून आणा आणि मग हळू मागे बसा. आधी स्टूल ठेवून त्यात पाय कोंबू नका. घोटा पुढच्या बाजूने ताणला जात असेल तर त्याच्याखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवा. मुंग्या आल्या तर बहुधा नस दबलेली असते. त्या सहन करणं ही साधना नव्हे. बैठक बदला, आणि बधिर पायावर कधीही एकदम उठू नका, घोटा मुरगळतो. गुडघ्याचा संधिवात, बदललेला गुडघा, फुगलेल्या शिरा असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे स्टूल घेऊच नये. खुर्ची चालते, पावलं पूर्ण जमिनीला टेकली म्हणजे झालं. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस तर गुडघे टेकून, पालथं पडून, उताणं, बसून, उभं राहून अशा सगळ्या तऱ्हा मोकळ्या ठेवतात. ज्या स्थितीत हवं ते सापडलं, तिथून पुढे हलू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

देहाची एवढी काळजी घेणं आध्यात्मिक नाही असं वाटत असेल तर बायबलमधला १ राजे १९ उघडा. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत आधी उपदेश करत नाही. एलीया झोपतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर खातो, पाणी पितो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. मग चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर देवाची ती शांत, मंद वाणी. मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना एकांतात येऊन विसावा घ्यायला सांगतो, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड मिळालेली नसते.

स्टुलावर बसल्यावर करायचं काय? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी करून दिलेली रीत नवख्यांना झेपते. एक छोटा शब्द निवडा: येशू, अब्बा (म्हणजे पिता), शांती. डोळे मिटा. देवाच्या सान्निध्याला आणि त्याच्या कार्याला दिलेला होकार म्हणून तो शब्द मनात हळूच आणा. विचारात गुंतल्याचं लक्षात आलं की स्वतःला न रागावता शब्दाकडे परत या. शेवटी दोन मिनिटं डोळे मिटूनच थांबा. ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा सांगतात. पहिल्या आठवड्यात पाच-सात मिनिटं पुरेत, कारण गुडघ्यांनाही सवय लागावी लागते. आधी स्तोत्र १३१ वाचावं. तीनच वचनं आहेत, आणि त्यातलं आईजवळचं दूध तुटलेलं बाळ तिच्याकडे काही मागत नाही, नुसतं असतं. मौनानंतर लगेच फोन हातात न घेता प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावी.

आज किती शांत वाटलं यावरून बैठक मोजू नका. शब्दाकडे पन्नास वेळा परतावं लागलं, तर पन्नास वेळा देवाकडे वळणं झालं. मात्र शांततेत जुनं दुःख किंवा भीती वारंवार उसळून झोप उडत असेल, तर वेळ कमी करा आणि पाळकांशी किंवा समुपदेशकाशी बोला. तिथे स्टूल बदलून काही होत नाही.

दुकानात बघायला गेलात तर किमान दहा मिनिटं बसा, पहिल्या मिनिटाला सगळीच स्टुलं छान वाटतात. चारही टोकं सपाट फरशीवर टेकतात का बघा, फळी दोन्ही हातांनी पिळून कुरकुर ऐका. चर्चच्या प्रार्थनागटासाठी एकदम घेत असाल तर सगळी एकाच मापाची घेऊ नका. १७, १९ आणि २१ सें.मी. अशी वाटून घ्या आणि मापं फळीच्या खालून लिहून ठेवा. सोबत पाठ असलेल्या काही खुर्च्या ठेवाच, आणि त्या मागच्या भिंतीशी न लावता त्याच वर्तुळात मांडा.