पर्यावरण विज्ञान: सलग पाच वर्षं की तीन अधिक दोन?

बारावीचा निकाल लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: पर्यावरणात काम करायचंय, सलग पाच वर्षांचा कोर्स घेऊ की आधी बीएस्सी करून मग एमएस्सीचं बघू? मी स्वतः दुसऱ्या वाटेने गेलो, तेही रसायनशास्त्रातून. माझा कल कुठे असणार, ते सांगायला नको.

सलग वाटेचा भारी नमुना म्हणजे पुण्याचं आयसर, ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था; तिथे बीएस-एमएस असा पाच वर्षांचा जोडकोर्स असतो. आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट ही तिथली प्रवेशपरीक्षा एकदा निघाली की एमएससाठी वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. सुरुवातीला गणित, भौतिक, रसायन, जीव अशा सगळ्यांशी झटापट, मग पृथ्वी आणि हवामान विज्ञानाकडे वळता येतं. शेवटचं वर्ष प्रबंधाचं, आणि खरी कमाई तीच. दोन वर्षांच्या एमएस्सीत प्रोजेक्टला बहुधा एकच सेमिस्टर मिळतं. पावसाळ्यातली नदी मोजली तर उन्हाळ्यातली राहून जाते. मात्र तिथला भर हवामान, महासागर, भूगर्भ यांवर. सांडपाणी, घनकचरा, कायदे यांत रस असेल तर विद्यापीठाची एमएस्सी जास्त जवळची.

त्या एमएस्सीत आम्ही पहिल्यांदा बीओडी लावली ती आठवते (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजणारी चाचणी). 300 मिलिलिटरच्या बाटल्या, 27 अंशांवर तीन दिवस (परदेशी पुस्तकात 20 अंश आणि पाच दिवस असतात, तिथेच निम्मा वर्ग गोंधळला). मग उरलेला ऑक्सिजन मोजायला रसायनं घातली की तपकिरी साका, तो ॲसिडने विरघळवायचा, आणि थायोसल्फेटच्या एका थेंबात स्टार्चची निळाई गायब. नमुना किती पातळ करायचा हा हिशोब मला सहज जमला. शेजारची मैत्रीण बीएस्सीलाच पर्यावरण घेऊन आलेली, ती तिथे अडली. पण सूक्ष्मदर्शकाखालचं शेवाळ तिने झटक्यात ओळखलं, मी नुसता बघत बसलो.

एक गोष्ट प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. रसायन, वनस्पती किंवा भूगर्भशास्त्राची बीएस्सी असेल तर पर्यावरणाच्या एमएस्सीचं दार बहुतेक ठिकाणी उघडं असतं. उलट प्रवास अवघड: पर्यावरणाची बीएस्सी घेऊन रसायनाच्या एमएस्सीला जायचं तर बहुधा पात्रतेतच अडकाल.

नव्या शैक्षणिक धोरणातला चार अधिक एक हा पर्याय ऐकून वर्ष वाचेल असं वाटतं. वाचत नाही. चार वर्षांची ऑनर्स पदवी झाली तर एमएस्सी एका वर्षाची, तीन वर्षांनी बाहेर पडलात तर दोन वर्षांची. बेरीज पाचच. पैशाचं म्हणाल तर गावाजवळचं कॉलेज आणि घरचा डबा यांना तोड नाही, शिवाय मधे वर्षभर एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीही करता येते.

तेव्हा गणिताची भीती नसेल आणि आयसरला नंबर लागला, तर खुशाल जा. नाहीतर रसायन किंवा वनस्पतीची बीएस्सी करा, एमएस्सी नंतर. एखाद्या खासगी विद्यापीठाचा ‘इंटिग्रेटेड’ कोर्स घेणार असाल तर आधी लॅब दाखवा म्हणावं. बाटल्या ठरल्या तापमानाला ठेवायचा इन्क्युबेटर चालू आहे का, बीओडीच्या बाटल्यांवर धूळ किती, ते बघा. आणि तीन वर्षांनी सोडलं तर बीएस्सीची पदवी हातात पडते का, हे लेखी घ्या. तोंडी नको.