समुद्रमार्गे जाणाऱ्या शाफ्टसाठी व्हीसीआय पिशवी आणि प्लायवूडची पेटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

भोसरीतल्या आमच्या छोट्या ग्राइंडिंग युनिटमधून जर्मनीतल्या एका ग्राहकाकडे दर महिन्याला शाफ्ट जातात. व्यास ४० मिलिमीटर, लांबी ६०० मिलिमीटर, एकेक नग साधारण ६ किलोचा, आणि एका पेटीत असे ४८ नग. गेली दीड वर्षे त्यांचे पॅकिंग आम्ही चाकणच्या एका पुरवठादाराकडून घेत आहोत. त्याचे नाव इथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या त्याला समोर बसवून सांगून झालेल्या आहेत.

त्याआधीची आमची पद्धत सरळ होती: गंजरोधक तेलात बुडवलेला शाफ्ट, त्याभोवती बबल, सात थरांच्या पुठ्ठ्याचा (सात प्लायचा) खोका आणि वरून पट्टी. भोसरीहून चाकणला माल पोचवायला तेवढे पुरत असे. समुद्रासाठी ते पुरत नाही, हे ग्राहकाने पाठवलेल्या एका फोटोवरून कळले. ग्राइंडिंग केलेल्या चकचकीत पृष्ठभागावर तांबूस डाग होता आणि त्या डागात अंगठ्याच्या रेषा मोजता येत होत्या. घामातल्या मिठाने प्रवासभर आपले काम चोख केले होते. अंगठा आमच्याच कुणाचा तरी होता, त्यामुळे ग्राहकाने पैसे कापल्याची डेबिट नोट मुकाट्याने स्वीकारावी लागली.

नव्या पॅकिंगचा गाभा म्हणजे व्हीसीआय फिल्मची पिशवी. या फिल्ममधून गंजरोधक द्रव्याची वाफ हळूहळू बाहेर पडते आणि बंद पिशवीतल्या धातूवर तिचा अतिशय पातळ थर बसतो. पिशवी उघडली की ती वाफ उडून जाते, त्यामुळे ग्राहकाला शाफ्ट धुवावा लागत नाही. आम्ही १०० मायक्रॉनची पिशवी वापरतो. शाफ्टची टोके तिला भोके पाडतील अशी भीती होती, परंतु प्रत्येक शाफ्टवर प्लास्टिकची जाळी चढवल्यापासून एकही पिशवी फाटलेली आढळली नाही.

पहिल्या दोन खेपांत मात्र आम्ही शहाणपणा करून शाफ्ट आधी बबलमध्ये गुंडाळले आणि मग ते व्हीसीआय पिशवीत घातले. पुरवठादाराचा माणूस सहज म्हणून शॉपमध्ये आला, त्याने ते पाहिले आणि पिशवी पुन्हा उघडायला लावली. साध्या प्लास्टिकचा आडोसा मध्ये आला की वाफ धातूपर्यंत पोचतच नाही, म्हणजे महागाची पिशवी फुकट. दोन थरांमध्ये आम्ही घालत असलेला कोरा पुठ्ठाही त्याने काढून टाकला, कारण पुठ्ठा हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि धातूला चिकटून राहिला की तिथेच गंज धरतो. त्यानंतर तासभर थांबून त्याने पॅकिंगवरच्या दोन्ही मुलांना हातमोजे घालणे, शाफ्ट पुसून पूर्ण कोरडा करणे, वॉशिंगहून आलेला गरम नग थंड होऊ देणे आणि पिशवीचे तोंड दुमडून टेपने बंद करणे, हे सगळे स्वतः करून दाखवले. मी पैसे पिशवीचे मोजतो, पण माझ्या हिशेबी खरी किंमत त्या तासाची आहे.

कंटेनरची परीक्षा अलीकडे अधिक कडक झाली आहे. २०२३ च्या अखेरीपासून बहुतेक जहाजे तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाऊ लागली आणि न्हावाशेवाहून निघालेल्या मालाचा प्रवास बरेच दिवसांनी लांबला. एवढ्या काळात दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा यांमुळे कंटेनरच्या छताला पाणी सुटते आणि ते खाली पेट्यांवर ठिबकते. आमच्या एका पेटीच्या झाकणावर असे डाग पडलेले ग्राहकाने कळवले, परंतु आतले ४८ च्या ४८ नग कोरडे आणि स्वच्छ निघाले. तो लांबलेला प्रवास पार पडल्यावरच या पॅकिंगवर माझा विश्वास बसला.

पेटीबद्दल मात्र मी तितका समाधानी नाही. तिच्या भिंती प्लायवूडच्या आहेत आणि लाकडी पॅकिंगमधून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून केलेल्या आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमातून प्लायवूडला सूट आहे. पण तळाचे ठोकळे आणि कडेच्या पट्ट्या सलग लाकडाच्या आहेत, म्हणून त्यांना उष्णतेची प्रक्रिया लागतेच. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापलेला असावा लागतो आणि तसा गव्हाच्या लोंबीचा छाप पेटीवर असावा लागतो. हा छाप शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंना असावा, असे नियमच सांगतो. आम्हाला आलेल्या एका खेपेत तो एकाच बाजूला होता आणि तोही अर्धा पेटी बांधायच्या पट्टीखाली दडलेला. युरोपातल्या बंदरावर त्यावरून पेटी अडली असती तर तिथला खर्च आमच्या माथी पडला असता. इथेच दिसले म्हणून पट्टी सरकवून वेळ निभावली. दुसरी तक्रार फोर्कलिफ्टची: तळाच्या ठोकळ्यांमुळे काटे दोनच बाजूंनी आत जातात, आणि आमच्या अरुंद गेटात २८८ किलो माल भरलेली पेटी फिरवून घेण्यात प्रत्येक वेळी चांगली अर्धा तास झटापट होते.

खर्च जुन्या पद्धतीच्या जवळजवळ दुप्पट आहे. ज्यांचा माल पुण्यातच राहतो आणि आठवड्याभरात मशिनवर चढतो, त्यांनी एवढा खटाटोप करू नये. चांगले तेल आणि पीपी प्लास्टिकचा, परत आणून पुन्हा वापरायचा बॉक्स त्यांना पुरेसा आहे. पिशव्या एकदम वर्षभराच्या घेण्याचाही मोह टाळावा, कारण उघड्या रॅकवर पडून राहिलेल्या फिल्ममधली वाफ मालाला मिळण्याआधीच उडून जाते.

पुढच्या पेट्यांसाठी चारही बाजूंनी काटे जाणारा तळ आणि दोन बाजूंना छाप, असे मी ऑर्डरवर लिहून दिले आहे. त्या सोमवारी येतील. छाप पाहिल्याशिवाय चलनावर सही करणार नाही, हेही कळवून ठेवले आहे.