वेल्डची बाह्य तपासणी: कॅमेरा घ्यावा की लेसर?

पाइप फॅब्रिकेशनमध्ये वेल्डची दृश्य तपासणी यंत्राकडे सोपवायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात: दोष ओळखायला शिकवलेला कॅमेरा किंवा बीडची (वेल्डच्या उंचवटलेल्या पट्ट्याची) उंची-खोली मोजणारा लेसर प्रोफाइल स्कॅनर. पाणीपुरवठ्याच्या एम.एस. (सौम्य पोलादी) पाइपांवर मी दोन्ही वापरले आहेत. वेल्डच्या आतले दोष दोघांनाही दिसत नाहीत, त्यामुळे अल्ट्रासोनिक, रेडिओग्राफी किंवा हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) पर्याय म्हणून यांचा विचार करू नये.

कॅमेरा स्वस्त पडतो, एका वेळी रुंद पट्टा पाहतो आणि बारीक पिनहोल (सुईच्या टोकाएवढी छिद्रे), स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब), आर्क स्ट्राइक (वेल्डबाहेर आर्क लागल्याचा डाग) शोधण्यात मला तो लेसरपेक्षा सरस वाटला. तो नकोसा झाला, तो खोट्या इशाऱ्यांमुळे. दुपारी तीननंतर छताच्या पारदर्शक पत्र्यातून ऊन उतरले की बीडच्या कडेची सावली त्याला अंडरकट (वेल्डच्या कडेने पाइपमध्ये पडलेली खाच) वाटे आणि नीट न झटकलेला फ्लक्स (वेल्डवर टाकलेली संरक्षक भुकटी) पोरोसिटी (वायूमुळे पडलेली छिद्रे) वाटे. आम्ही आडोसा केला, दिवे बदलले, नवी छायाचित्रे देऊन त्याला पुन्हा शिकवले. इशारे कमी झाले, पण थांबले नाहीत. शेवटी दिवसभर फसलेले अनुभवी इन्स्पेक्टरही पाइपकडे न पाहता ‘ओके’ दाबू लागले आणि खरा अंडरकट असलेला एक पाइप पुढे गेला. गनायटिंगपूर्वी (पाइपवर सिमेंटचा थर फवारण्यापूर्वी) तो सापडला नसता, तर सिमेंटच्या थराखाली कायमचा झाकला गेला असता.

लेसर महाग आहे, आणि रोलरवर फिरणारा पाइप बाजूला सरकला की रेघ बीडवरून सुटते. त्यामुळे सीम ट्रॅकिंगवाचून (वेल्डची रेषा शोधत स्कॅनर सरकवणाऱ्या सोयीवाचून) तो घेऊ नये. ताज्या, तापलेल्या वेल्डवर मोजायचे असेल तर निळा लेसर बरा, कारण तप्त पोलादाची स्वतःची झळाळी लाल बाजूला अधिक असते. पण तो आकडा देतो, आणि माझ्या मते निर्णय तिथेच होतो. एपीआय ५एल या पोलादी पाइपांच्या मानकात ०.४ मिमीपर्यंतचा अंडरकट लांबी न पाहता चालतो, ०.८ मिमीपलीकडचा दोष ठरतो आणि मधल्या खोलीला लांबी व संख्या पाहावी लागते. हा फरक निव्वळ छायाचित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय शंका आली तर इन्स्पेक्टर वेल्ड गेज (वेल्ड मोजायचे हातातले साधन) लावून आकडा पडताळू शकतो.

आपली शेड बंदिस्त असेल आणि मुख्य त्रास पिनहोलचा असेल, तर कॅमेरा कदाचित पुरेसा ठरेल. तरीही खरेदीपूर्वी गेजने मोजलेला अंडरकट असलेला एक पाइप दोन्ही विक्रेत्यांसमोर ठेवावा, आणि चाचणी त्यांच्या दालनात न घेता आपल्या शेडमध्ये, दुपारी तीननंतर घ्यावी.