सौर कॅटॅमरानवर एक अख्खा मोसम: कप्तानाच्या नजरेतून

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्रोएशियात, स्प्लिटच्या बंदरातून, मी एक सौर कॅटॅमरान चालवली, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर (पाण्यात तरंगणाऱ्या लांबट भागांवर) उभी असलेली, सूर्याच्या विजेवर चालणारी बोट. मालक मी नव्हे. भाड्याने जाणाऱ्या या बोटीचा कप्तान, इंजिनिअर आणि वेळ पडली तर भांडी घासणारा, सगळं मीच. बोट साधारण १७ मीटर लांब, साडेआठ मीटर रुंद. छतावर १० किलोवॉटची पॅनेल, पोटात लिथियम बॅटऱ्या, विजेवरच्या दोन मोटारी आणि अडीअडचणीला एक डिझेल जनरेटर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या सौर छपराचा फायदा बोट पळवायला कमी आणि बोटीवर राहायला जास्त होतो. जाहिरातीत नेमकं उलटं सांगतात.

हिशोब बघा. जुलैच्या निरभ्र दिवशी छपरावरून पंचावन्नच्या आसपास युनिट मिळतात. आठ पाहुणे असले की एसी, फ्रिज, खारं पाणी गोडं करणारं यंत्र आणि इंडक्शन शेगडी मिळून तीसेक युनिट खातात. उरली पंचवीस. पाच नॉटच्या चालीला (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण १.८५ किलोमीटर) मला नऊ किलोवॉट लागतात, म्हणजे त्या पंचविसात तेरा-चौदा सागरी मैल होतात. सात नॉटचा हट्ट धरला की पंचवीस किलोवॉट लागतात आणि तासाभरात शिल्लक साफ! पाण्यात चाल वाढवली की लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते, त्याला इलाज नाही. स्प्लिटहून ह्वार बेटावरचं ह्वार गाव बावीस-तेवीस सागरी मैल. एका दिवसात जाता येतं, पण मग बॅटरीतली उधारी फेडायला दुसरा दिवस नांगरावर काढायचा. जाहिरातीतला ‘अमर्याद पल्ला’ खोटा नाही. फक्त तो सायकलच्या वेगाने मिळतो. निव्वळ सूर्यावर पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ‘प्लॅनेटसोलर’ ही कॅटॅमरानच होती. ५३७ चौरस मीटर पॅनेल असूनही सप्टेंबर २०१० मध्ये मोनॅकोहून निघालेली ती बोट मे २०१२ मध्ये परतली.

पण नांगर टाकला की हीच बोट दुसऱ्या कुणाला हार जात नाही. ऑगस्टमध्ये व्हिस बेटाच्या खाडीत शेजारच्या बोटींचे जनरेटर रात्रभर घुरघुरत असतात, धुराचा वास येतो, आणि आमच्याकडे एसी चालू असून आवाज काय तो पाण्याचा. दोन सांगाड्यांमुळे बोट फारशी डुलत नाही, म्हणून म्हातारी माणसंही बिनधास्त जेवायला बसतात. जर्मनीत नोकरी करणारं पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यातल्या आजी पहिल्या दिवशी गोळी घेऊन बसल्या होत्या, तिसऱ्या दिवशी शेगडीचा ताबा त्यांच्याकडे. याच शांततेचा एक धोका मात्र कुणी सांगत नाही: पोहणाऱ्यांना ही बोट येताना ऐकूच येत नाही. खाडीत शिरताना मी एक माणूस पुढे उभा करतो आणि गरज पडली की भोंगा वाजवतो.

वाऱ्यांचं गणित वेगळंच. ईशान्येकडून डोंगर उतरून येणारा बुरा आकाश लख्ख करतो, पॅनेल झकास वीज देतात. पण झोत असे येतात की रुंद, उंच बोट घेऊन बाहेर पडायची सोय नाही. भरलेली बॅटरी घेऊन धक्क्याला बांधून बसायचं. आग्नेयेचा युगो ढग आणतो, लाटा आणतो, कधीकधी पावसाबरोबर सहाराची तांबूस धूळही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडं पाणी घेऊन छत धुतलं नाही, तर युनिट कमी झालेली मीटरवर दिसतात. त्यात मीठ, कुरवांची विष्ठा आणि पाहुण्यांचे वाळत घातलेले टॉवेल. टॉवेल दिसायला किरकोळ, पण पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या पॅनेलची वीज कोपऱ्याच्या हिशोबाने नाही, त्याहून बरीच जास्त घटते.

समोरून आखूड, उभ्या लाटा आल्या की दोन सांगाड्यांमधल्या तळावर पाणी धाडधाड आपटतं. झोपलेला माणूस दचकून उठतो. चाल कमी करणं एवढाच उपाय. मरीनात, म्हणजे सहलीच्या बोटी लावायच्या बंदरात, रुंदीमुळे भाडं चढं लागतं. धक्क्यावरच्या साध्या १६ अँपिअरच्या जोडणीतून साडेतीन किलोवॉटच मिळतात, म्हणजे अख्खी रात्र लावून चाळीसेक युनिट.

ऑक्टोबरात आडवी पॅनेल जुलैच्या निम्मीही वीज देत नाहीत. जनरेटर तेव्हा नियमित चालवला, भर उन्हाळ्यात क्वचितच. ‘एक थेंबही डिझेल नाही’ असं छापणाऱ्यांनी ऑक्टोबरात एकदा येऊन बघावं.

गावाकडून फोन आला की विचारतात, असली बोट मालवणला चालेल का? हिवाळ्यात तिथलं ऊन इथल्यापेक्षा कितीतरी बरं, आणि पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी तशाही बंद. पण मला विचाराल तर आपल्याकडे सौर बोटीचं खरं काम ठरलेल्या, छोट्या फेरीचं आहे. केरळात वैकमला वेंबनाड सरोवरावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची फेरीबोट तेच करते: दोन सांगाडे, छतावर पॅनेल, घाई नाही.

सुट्टीसाठी अशी बोट घ्यायची तर मेअखेर ते जुलै हे आठवडे धरा. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: आठ माणसं असताना जनरेटरशिवाय एसी किती तास चालतो, आणि पाच नॉटला किती किलोवॉट लागतात. सात दिवसांत सात बेटं बघायची असतील तर डिझेलची बोट घ्या. आम्ही तीनच बेटं करतो, आणि पाहुण्यांना हे बुकिंगच्या वेळीच सांगतो.